तारेतल्या सहा पावत्या

अक्का कागद कधी दोन हातांनी धरायची नाही. मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तसा दोन बोटांच्या चिमटीत धरायची आणि माझ्या नाकासमोर आणून म्हणायची, "वाच की. मोठ्यानं."

मग ते लाइटचं बिल असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर खोकल्याच्या औषधाचं लेबल. मनातल्या मनात वाचून "काही नाही, बिल आहे" म्हटलेलं तिला चालत नसे. "काय हाय ते मला कळू दे. मोठ्यानं."

अक्काला तेलुगू वाचता यायचं. सकाळी आंघोळ झाली की देवाचं जुनं पुस्तक घेऊन ती झरझर वाचायची. मराठी मात्र बोलण्यापुरतं. "तुमची अक्षरं म्हंजे दोरीवर वाळत घातलेले टॉवेल," म्हणायची. "सगळी सारखीच दिसत्यात."

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. खरं सांगायचं तर मीच सोडली, कारण गुरुजींनी मोठ्यानं वाचायला उभं केलं की मी अडखळायची आणि वर्ग हसायचा. लग्न झालं, नवऱ्याला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर काम मिळालं आणि आम्ही सोलापुरात येऊन पडलो. ओळख नाही, अनामत द्यायला पैसा नाही. चार घरांनी दार लावून घेतलं. अक्कानं सुपातल्या बिड्यांवरून मान वर केली आणि एकच विचारलं, "वाचता येतंय काय?"

"थोडं थोडं येते बाप्पा."

"मग ऱ्हा."

अनामत एवढीच. मागची खोली, मोरी, आणि उन्हाळ्यात तिच्या माठातलं पाणी. ते उपकार मी विसरले नाही, विसरणारही नाही.

तिचा नवरा मागावर काम करता करता गेला होता. मुलगी लग्न होऊन तेलंगणात. अक्का घरी बिड्या वळायची आणि आठवड्याला कारखान्यात देऊन यायची. घर तीन खोल्यांचं, पण तिच्या नवऱ्यानं स्वतः विटा वाहून बांधलेलं. दारावर पत्र्याची घरनंबराची पाटी होती. ती पाटी अक्का दर अमावस्येला चिंच लावून घासायची. देवाची भांडी घासतात तशी.

आणि दाराच्या मागं होती तार. एका टोकाला आकडा असलेली लोखंडी तार, तिच्यात घरपट्टीच्या पावत्या खोचलेल्या. सोलापुरात ज्यानं कुणाच्या घरात अशी तार पाहिली असेल, त्याला तिची किंमत कळेल. सोनं कुठं ठेवलंय ते बाई सांगणार नाही, पण तार कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

आमच्या गल्लीची एक रीत होती. घरपट्टी भरायला रांगेत उभं राहायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार. म्हणून मार्चमध्ये एक गृहस्थ सगळ्यांची बिलं आणि पैसे गोळा करायचे, सायकलवरून जाऊन भरायचे आणि पावत्या आणून द्यायचे. कोपऱ्यावर त्यांचं किराणा दुकान. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बगलेत प्लास्टिकची फाइल. सगळे त्यांना मामा म्हणत. चहापाण्याला प्रत्येकी दहा रुपये, तेही "राहू दे हो" म्हणत घ्यायचे. गल्लीत त्यांना मान होता. लग्नात पहिल्या पंगतीत पाट असायचा.

अक्काचा नवरा गेल्यावर तिची घरपट्टीही मामाच भरत. बिल आलं की अक्का ते न उघडता त्यांच्या हातात द्यायची. वर पैसे. पावती आली की कपाळाला लावायची आणि तारेत खोचायची. एकदा मी म्हटलं, "द्या, वाचते." तर म्हणाली, "मामा आणलाय की. त्यात काय वाचायचं?"

सगळं वाचायला लावणाऱ्या बाईनं तेवढंच एक कधी वाचून घेतलं नाही.

ती कारखान्यात बिड्या द्यायला गेली होती त्या दिवशी दारावर नोटीस चिकटली. मी एकटी घरात. दोन माणसं आली, खळ लावली आणि गेली. मी वाचलं. सहा वर्षांची थकबाकी, त्यावर दंड, एकवीस दिवसांत भरली नाही तर घर जप्त करून लिलावात विकण्यात येईल.

आता जे सांगते त्याची मला अजून लाज वाटते. मी ती नोटीस ओली असतानाच सोलून काढली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवली. घर गेलं तर माझी खोली गेली, एवढंच डोक्यात. दोन दिवस भाकरी थापताना त्या डब्याकडं बघत होते. तिसऱ्या दिवशी अक्कानं डबा उचलला.

चिमटीत कागद धरला. "वाच की. मोठ्यानं."

वाचून झाल्यावर ती हसली. "यडे, मी भरलाय की!" आणि तार काढून माझ्या मांडीवर टाकली. "वाच हे बी."

मी वरची पावती वाचली. नाव मामांचं. घरनंबर मामांचा. मला वाटलं चुकून आली असेल. दुसरी वाचली. मामा. तिसरी. मामा. सहाच्या सहा. सगळ्यात खाली एक पिवळी पडलेली पावती होती, तिच्यावर तिच्या नवऱ्याचं नाव आणि पाटीवरचा नंबर.

तुमच्या लक्षात आलंच असेल. अक्काच्या पैशानं तो माणूस सहा वर्षं स्वतःच्या घराची पट्टी भरत होता आणि पावत्याही तिलाच आणून देत होता. आधीच्या नोटिसा आल्या की आणणाऱ्याला "द्या, मी पोचवतो" म्हणून परस्पर ठेवून घेत होता. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर होतं त्यांच्या पावत्या बरोबर. अक्काच्या घरात पावती कोण वाचणार?

मी रडायला लागले. अक्का रडली नाही. तिनं सगळ्या पावत्या पुन्हा तारेत खोचल्या, खालची खाली, वरची वर. "पिवळी माझ्या मानसाची," म्हणाली. "तिला डाग लावू नको." मग म्हणाली, "उद्या कामाला खाडा कर. पट्टीच्या ऑफिसात जायचं."

ऑफिसात खिडकीमागं एक मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलेलं मला तोंडपाठ आहे, कारण अक्कानं ते घरी येऊन माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. एकरकमी भरता येत असेल तर उत्तमच. नसेल तर आज जमेल तेवढं भरा आणि बाकीच्याला हप्ते मागणारा अर्ज द्या. दंडात सवलतीची योजना निघते, ती निघाली की लगेच या. आकारणीच चुकली वाटत असेल तर हरकत घ्या. आणि अगदी लिलावाची तारीख लागली तरी बोली होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येतं.

"घर एका दिवसात जात नाही, आजी," त्या म्हणाल्या. "नोटीस बघून गप्प बसतो त्याचं जातं."

मी खाली मान घातली.

"आन ह्या पावत्या?"

"ते पैसे त्यांच्या खात्यावर जमा आहेत. ते त्यांनी लिहून दिलं तरच तुमच्या खात्यावर वळवता येतील. नाहीतर पोलिसात जा, कोर्टात जा. वेळ लागेल."

अक्कानं जरा विचार केला. "त्यानं लिहून दिलं, तर त्याच्या घराचं काय हुईल?"

"सहा वर्षांची थकबाकी निघेल. दंडासकट."

पावत्या वाचून घेतल्यापासून अक्का पहिल्यांदा मनापासून हसली. मॅडमही दचकल्या.

भिशीतून उचल घेऊन तिनं पहिला हप्ता भरला. माझ्या हातानं अर्ज लिहवून घेतला. जप्ती तेवढ्यापुरती थांबली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का सूप, पानं, तंबाखू, कात्री घेऊन मामांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली. भांडली नाही. शिवी दिली नाही. बिड्या वळत बसली. तार गुडघ्याला अडकवलेली.

दुकानात गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "ए भाऊ, मला मराठी येत न्हाई. एवढं वाच की. मोठ्यानं."

तो बिचारा वाचायचा. मामांचं नाव, मामांचा घरनंबर.

"व्हय? आन पैसे कुणी दिले?"

"कुणी?"

"मी."

बस्स. पुन्हा बिडी. पुढचं गिऱ्हाईक.

तिसऱ्या दिवशी लोक घरी जाऊन आपापल्या तारा तपासायला लागले. पाचव्या दिवशी दुकानातली साखर कुणी घेईना. मामा बाहेर आले. "अक्का, आत या. चहा घ्या. चूक झाली माझी."

"चूक एकदा हुती, मामा. हितं सहा हायत."

सहाव्या दिवशी त्यांनी पाकीट आणलं. निम्मे पैसे रोख, बाकीचे दिवाळीला. मला तर हायसं वाटलं. मी म्हणाले, "घ्या ना अक्का. काऊन ताणता आता?"

"काऊन!" तिनं माझी नक्कल केली. "काऊन म्हंजे, हे पैसे घेतले की उद्या हाच सांगत फिरंल, गरीब बाईला मदत केली. मला पैसा नको. लिहून पायजे."

नवव्या दिवशी तिनं माझ्याकडून दोन कागद लिहून घेतले होते. एक पैसे वळवायला संमती. दुसरा पोलिसांना अर्ज. दोन्ही चिमटीत धरून तिनं मामांसमोर नाचवले. गल्ली जमली होती. "दोनातला कुठला वाचू, तूच सांग." तोवर ती त्यांना अहो-जाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणाली.

मामांनी संमतीवर सही केली. पण आधी वाचून. मोठ्यानं. "मी, खाली सही करणार..." एवढं म्हणेपर्यंत त्यांना घाम फुटला. कुणाला दया आली असेल तर येवो. मला आली नाही. अडखळत वाचणाऱ्याला कसं वाटतं ते मला माहीत आहे, आणि तरीही मी एक एक अक्षर चघळत ऐकलं.

अक्काची मूळ रक्कम फिटली. दंडातला बराचसा पुढं सवलतीत गेला. आणि पुढच्या वर्षी मामांच्या दारावर नोटीस लागली. अक्का मला घेऊन तिथवर चालत गेली. "वाच की."

"मोठ्यानं?"

"लई मोठ्यानं."

संध्याकाळी मामांची बायको मागच्या दारानं आली. पदराला डोळे पुसत होती. तिचा काय दोष? अक्कानं तिला पाट दिला, पाणी दिलं आणि मला म्हणाली, "सांग हिला, मॅडमनं काय काय सांगितलं ते." मी सगळं सांगितलं. हप्ते, सवलत, हरकत, शेवटच्या दिवसापर्यंतची सोडवणूक. अर्जही मीच लिहून दिला. ती बाई अक्काच्या पायाला हात लावायला वाकली. "अक्का, तुमचं मन लई मोठं."

"मोठंबिठं काय न्हाई," अक्का म्हणाली. "घर गेलं तर तो दुसऱ्या गल्लीत जाईल. तितं त्याला कोण वळखतंय? मला तो हितंच पायजे. रोज डोळ्यांम्होरं." मग जरा थांबून म्हणाली, "आन दर मार्चला पट्टी भरली की पावती घेऊन माझ्या दारात यायचं. वाचून दाखवायची. तेवढं सांग त्याला."

आणि मामा यायचे. दोन मार्च मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. अक्का उंबऱ्यावर बिड्या वळत बसायची, मान वर करायची नाही. मामा उन्हात उभे राहून वाचायचे. वाचून झालं की ती म्हणायची, "जा आता."

मागच्या पावसाळ्यात अक्का गेली. ताप आला, चार दिवस झोपली, संपलं. शेवटी शेवटी ती तेलुगूतच बोलत होती. मला त्यातलं एवढंच कळलं की पाटीबद्दल काहीतरी विचारतेय. मी म्हणाले, घासली, चिंच लावून घासली. खरंतर घासली नव्हती. ती गेल्यावर, तिचे दिवस होण्याआधी घासली. तिची मुलगी आली, रडली, आणि जाताना म्हणाली, "तुम्हीच ऱ्हावा. घर संबाळा." तार माझ्या हातात दिली.

या मार्चला पट्टी मीच भरली. रांगेत उभी राहिले, एक दिवसाची मजुरी गेली. पावती तिथंच खिडकीशी वाचली, नंबर तपासला, मग घरी येऊन खोचली.

चार दिवसांनी दुपारी मामा आले. हातात पावती. बंद दाराकडं पाहिलं, रिकाम्या उंबऱ्याकडं पाहिलं. मी मोरीत भांडी घासत होते, मला त्यांनी पाहिलं नव्हतं. पावतीची घडी घालून ती खिशात ठेवली. सुटलो, असं त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

वयानं ते माझ्या वडिलांएवढे. तरी मी हात पुसले, बाहेर आले आणि अक्काच्या जागी उंबऱ्यावर बसले. तिचं सूप मांडीवर घेतलं. बिड्या मला वळता येत नाहीत, तरी एक पान हातात धरलं.

"आता कुणाला वाचून दाखवायची, बाई?" मामा म्हणाले.

"वाचा ना, मामा."

त्यांनी पावती काढली. नाव वाचलं, घरनंबर वाचला, आणि पुढं आवाज खाली गेला.

मी मान वर केली नाही.

"ऐकू नाही आलं," मी म्हणाले. "पहिल्यापासून. मोठ्यानं."