हळर्णचा यम आणि मुंबईची फ्लाइट

हळर्णच्या गौरवी कांबळीच्या घरापासून मोपाचा विमानतळ इतका जवळ, की चुलीवर ठेवलेला भात शिजायच्या आत स्कूटरने माणूस तिथं पोहोचतो. पठारावर विमानतळ सुरू झाला तेव्हा तिची आई शालिनी गावभर सांगत सुटली होती, "आता आमची बाय शेतात जाऊन यावं तशी विमानात जाऊन येईल."

पण गौरवी ज्या 'पवनझेप' कंपनीत केबिन क्रूमध्ये होती, तिचं सगळं नियोजन गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत चाले, आणि तिथल्या कुणी गोव्याचा नकाशा पाहिल्याची काही खूण नव्हती. मोपाहून सुटणाऱ्या विमानावर काम करायचं असलं तर तिला आधी बेंगळुरूला पाठवत, तिथून प्रवासी म्हणून परत मोपाला आणत आणि मग कामाला उभी करत. एकदा तर घराच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, ज्याचे दिवे दिसतील अशा हॉटेलात तिच्या नावाने खोली घेतली. आणि तिच्याच क्रूमधल्या ज्या रेश्माला त्या दिवशी खरोखरच खोली हवी होती, ती नागपूरची बिचारी पोर बॅगेवर डोकं टेकून बाकावर पडून राहिली.

गौरवीचा स्वभाव असा, की राग अगदी टोकाला गेला की तिला हसू फुटे. साधंसुधं हसू नव्हे, पोट धरून खाली बसवणारं. वडील महादेव पूर्वी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे, खाणी बंद पडल्यावर त्यांनी एक टेम्पो घेतला. ते म्हणत, "बाय घरी येऊन हसायला लागली की समजावं, आज पण विमान हरवलं."

त्या हिवाळ्यात गावच्या महिला मंडळाचं नाटक बसत होतं. लिहिलं होतं निवृत्त शिक्षिका प्रभावतीबाईंनी आणि बसवतही त्याच होत्या. यमाच्या दरबारात चित्रगुप्त चुकीच्याच माणसाला उचलून आणतो, असं विनोदी कथानक. चित्रगुप्त झाली होती किराणा दुकान चालवणारी देवकी, आणि यम गौरवी. जाड मिशा, काळा अंगरखा, पुठ्ठ्याचा मुकुट. गौरवीने रजा कधीच टाकून ठेवली होती. मोबाइलवर 'मंजूर' असं हिरव्या अक्षरांत आलंही होतं. नाटकाच्या आदल्या दिवशी ती हिरवी अक्षरं लाल झाली.

तिने लगेच कंट्रोलला फोन लावला. क्रूला कुठं पाठवायचं ते ठरवणाऱ्या त्या खात्यात संदीप नावाचा मुलगा होता, मूळचा डिचोलीचा. त्यामुळे दोघांची भांडणं मराठीत होत आणि जास्त रंगत.

"संदीप, माझी रजा कुठं गेली?"

"मॅडम, सिस्टमने खाल्ली."

"अरे, मी उद्या यम आहे!"

"मॅडम, आम्ही रोजच आहोत," असं म्हणून त्याने तिला सकाळची हैदराबाद आणि दुपारची मुंबई लावली.

हैदराबादहून ती वेळेत परतली. मोपाला मुंबईचे प्रवासी तयार होते, विमान तयार होतं, पण वैमानिक नव्हते. वैमानिक आले तोवर ते विमान दुसऱ्याच कुणीतरी दिल्लीला नेलं होतं. मग दुसरं विमान आलं, सगळे आत बसले, दारं लागली, आणि कॅप्टन बक्षींनी घड्याळाकडे पाहून मान हलवली. ते शांत, पोक्त गृहस्थ होते. त्यांचे आणि क्रूचे कामाचे तास आता इतके झाले होते, की मुंबई गाठण्याआधीच नियमाची मर्यादा ओलांडली गेली असती. उडणं शक्य नव्हतं.

प्रवाशांना हे सांगायचं काम गौरवीचं. सावंतवाडीचे एक काका भडकून उभे राहिले. "पुतण्याचा साखरपुडा आहे माझ्या! तुम्हांला काय त्याचं?"

"काका, माझं नाटक आहे आज," गौरवी म्हणाली. "मी यम आहे."

काकांनी तिला खालीवर न्याहाळलं. "तोंडावरून वाटत नाही गो," ते पुटपुटले आणि खाली बसले. गौरवीने सगळ्यांना पाणी दिलं, खाण्याचे डबे वाटले, म्हाताऱ्यांच्या बॅगा उतरवल्या, हात जोडले. शेवटचा प्रवासी उतरल्यावर ती रिकाम्या विमानात सीटवर बसली आणि तिला ते हसू फुटलं. तिला पाहून रेश्माला फुटलं. कॅप्टन बक्षी कॉकपिटमधून डोकावले आणि काय झालं ते न कळताच तेही हसू लागले.

बाहेर आल्यावर कळलं की क्रूसाठी हॉटेल घेतलेलं नाही आणि गाडीही पाठवलेली नाही. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "थोडं थांबा, बघतो." ही ओळ सगळ्यांना पाठ होती.

गौरवीने वडिलांना फोन केला. महादेव टेम्पोतून मंडपाच्या खुर्च्या आणायला निघालेच होते. थोड्या वेळाने विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या कदेलांनी, म्हणजे खुर्च्यांनी, भरलेला टेम्पो येऊन उभा राहिला.

"मध्ये जागा आहे," महादेव म्हणाले. "आणि बसायला कदेलां आहेतच."

टेम्पो पठारावरून खाली उतरू लागला, तेव्हा मागच्या हौद्यात इस्त्रीच्या गणवेशातली चार मुलं-मुली आणि दोन वैमानिक खुर्च्यांवर रांगेत बसले होते. वळण आलं की सगळी रांग डावीकडे सरके, पुन्हा वळण आलं की उजवीकडे. काजूच्या बागेतल्या बायका कामं टाकून पाहू लागल्या. रेश्मा उठून उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि विमानातल्या आवाजात म्हणाली, "आपत्कालीन दरवाजे मागच्या बाजूला आहेत, फळी थोडी सैल आहे!" कॅप्टन बक्षींनी टोपी घट्ट धरली. इतकं मजेचं लँडिंग आपण उभ्या आयुष्यात केलं नाही, असं त्यांनी नंतर शालिनीला सांगितलं.

शालिनीने सगळ्यांना पाटवड्यांसारखं मांडीला मांडी लावून ओट्यावर बसवलं आणि पातळ भाजी, उंडे म्हणजे गोल पाव, आणि वर कपभर चहा दिला. बक्षींनी उंडे किती खाल्ले ते कुणी मोजलं नाही. तेवढ्यात प्रभावतीबाई ओरडत आल्या, "यम खंय? यम अजून मिशीशिवाय!"

नाटक देवळासमोरच्या मंडपात होतं. ऊन अजून पिवळं होतं. पाहुणे पहिल्या रांगेत बसले. पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्या प्रवेशात देवकी चुकीचा माणूस आणल्याबद्दल गयावया करत होती, आणि गौरवी गदा आपटून ओरडणार, इतक्यात तिच्या कमरेला खोचलेला मोबाइल वाजला. गळ्याजवळच्या माइकमुळे रिंगटोनचं गाणं अख्ख्या मंडपात घुमलं.

देवकी कान टवकारून म्हणाली, "महाराज, तुमच्या कमरेत कोणीतरी कण्हतंय."

मंडप हसला. गौरवीने मोबाइल काढला. फोन कंट्रोलचा होता. तिने स्पीकर लावून तो सरळ माइकसमोर धरला.

"मॅडम, संदीप. मुंबई परत लावलीय. लगेच रिपोर्ट करा."

"कोण मॅडम? यमराज बोलतोय."

"...मॅडम, नेटवर्क खराब आहे वाटतं."

"नेटवर्क झकास आहे. आमचे तास भरलेत. तास भरल्यावर काय करायचं असतं, ते आमच्याहून जास्त कुणाला ठाऊक?"

आता लोक हसून खुर्च्यांवर मागेपुढे होत होते. संदीप केविलवाण्या आवाजात म्हणाला, "पण इथं स्क्रीनवर तुमचे तास शिल्लक दाखवतंय."

"चित्रगुप्ता! यांचाही हिशेब चुकला!"

"ती चूक माझ्या खात्याची नाही हां, महाराज," देवकी म्हणाली. रेश्मा कानात सगळं हिंदीत सांगत होती, ते ऐकून पहिल्या रांगेतून कॅप्टन बक्षी ताडकन उभे राहिले आणि गरजले, "मेरे भी घंटे ख़तम!" मराठीचा एक शब्दही न कळणाऱ्या त्या माणसाला मंडपात सर्वांत मोठी टाळी मिळाली.

टाळ्या ओसरल्या. मग संदीपचा आवाज आला, अगदी थकलेला.

"खरं सांगू, यमराज? माझी शिफ्ट कालच संपलीय. बदली माणसाची फ्लाइट रद्द झाली, आपल्याच कंपनीची. तुम्ही मलाच न्या."

गौरवीने गदा खाली ठेवली. रागावायचं ती विसरूनच गेली.

"नाव?"

"संदीप."

"गाव?"

"डिचोली."

"तुझी वेळ अजून आलेली नाही. ऊठ, पोटभर जेव आणि झोप. ही यमाची आज्ञा आहे."

"बरं महाराज," संदीप म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना. फोन बंद झाला. पुढचा संवाद गौरवीला आठवेना, प्रभावतीबाई विंगेतून तो सांगू पाहत होत्या, पण त्यांचेच डोळे हसून पाणावले होते आणि कागद दिसत नव्हता. नाटक तिथंच जमेल तसं संपवावं लागलं.

कुणीतरी केलेलं चित्रीकरण दुसऱ्या दिवशी साऱ्या कंपनीत फिरलं. पायलट पाहत, सफाईवाले पाहत. संदीपला मात्र वरिष्ठांनी चार दिवस सुट्टी दिली, कारण त्याचं 'तुम्ही मलाच न्या' ऐकून त्यांना खरोखरच भीती वाटली. गौरवीला खुलासा मागणारी सूचना आली. तिने उत्तर दिलं की तास संपल्यावर बोलावणं हेच नियमाबाहेर होतं, आणि त्यावर बक्षींसह सगळ्या क्रूने सही केली. मग खात्याचे मोठे साहेब, स्वतः मोपाला येऊन बोलतो, असं कळवते झाले.

साहेबांची पहिली फ्लाइट रद्द झाली. दुसरी निघाली, पण धुक्यामुळे मोपाला न उतरता हुबळीला गेली आणि तिथून हलेचना. संध्याकाळी गौरवीच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"मिस कांबळी? मी... इथं कंपनीचं कुणीच नाही. काय चाललंय ते कुणी सांगत नाही. गोव्याला यायला दुसरं काही आहे का?"

गौरवीने अगदी मनापासून सगळं सांगितलं. हुबळीच्या स्टँडवर कुठून बस मिळते, घाटात उलटी होणार असेल तर पुढच्या सीटवर बसा, फोंड्याला उतरून पणजीची गाडी पकडा, आणि वाटेत काहीतरी खाऊन घ्या. साहेब लिहून घेत होते, मधूनमधून "हो, हो" म्हणत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "नेहमी असंच होतं का हो?"

"नाही सर," ती म्हणाली. "तुम्हांला निदान फोन उचलणारं कुणी भेटलं."

मोबाइल खाली ठेवला आणि ती ओट्यावर बसली. शालिनी स्वयंपाकघरातून धावत आली, तेव्हा लेक दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती आणि बोलताच येत नव्हतं.