पोटातली चक्की

डार्मश्टाटच्या विद्यापीठात मी जुन्या इंग्रजी शब्दांवर पीएच.डी. करते. जुन्या काळचे इंग्रज खेकड्याच्या अवयवांना, त्याच्या कवचाला आणि ते फोडण्या-चिरडण्याला काय काय म्हणत, हा माझा विषय. ऐकणारा आधी हसतो. हसेना का बापडा. खेकड्याच्या कल्ल्यांना ते 'मेलेल्याची बोटं' म्हणत आणि जठरातल्या दातांना 'चक्की'. चिरडण्याच्या त्यांच्या शब्दांचं मात्र मला फार अप्रूप वाटलं नाही. ठेचणं, चेचणं, कुटणं, भरडणं, रगडणं ऐकतच मी वाढले आहे.

आमच्या ऑनलाइन कोशात प्रत्येक शब्दाशेजारी त्या अवयवाचा फोटो लागतो. सगळे झाले, चक्की तेवढी राहिली. शुक्रवारपर्यंत ती मिळाली नाही तर खेकड्यांचं हे प्रकरण माझ्याकडून काढून हॅनोव्हरच्या सहकाऱ्याला दिलं जाणार होतं. चार खेकडे आणले होते. त्यातले तीन मी स्कालपेल घेऊन घरच्या ओट्यावर वाया घालवले. दर वेळी जठराची पिशवी फाटायची आणि दात निखळून पडायचे. शेवटी मी चिमटा सिंकमध्ये फेकला.

आई तेव्हा तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती. ती गावच्या बाजारात मासळी विकते. इथे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आईचा सीफूडचा बिझनेस आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं, आणि मला ते ठाऊक होतं.

ती मागे उभी राहून बघत होती.

"गो, असा ठेचतंस कित्याक? काय होया तुका?"

"ती पोटातली पिशवी. अख्खी."

"ती? ती तर आमी टाकून देतो."

"मला तीच हवीय."

तिने मला कोपराने बाजूला सारलं. उरलेला खेकडा उलटा केला, पाठीचं कवच एका झटक्यात सोडवलं, तोंडापाशी अंगठा दाबला आणि पिशवी तळहातावर घेतली. कुठे ओरखडासुद्धा नाही. भिंगाखाली धरली तर पातळ पापुद्र्यातून दिसणारे आतले तपकिरी दात एकमेकांवर नीट बसलेले.

"फुटली तर सार कडू जाता," ती म्हणाली. "गिऱ्हाईक परत येणा नाय."

एवढी वर्षं ती ही पिशवी न फोडता काढत आली होती, कारण ती टाकून द्यायची असते. मला तिचा फार अभिमान वाटला. मग मी फोटो काढले.

शुक्रवारी माझ्या प्रोफेसरबाईंनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "असाच हवा होता. आल्झो, म्हणजे हे काम बायॉलॉजीतल्या कोणाचं?"

हो म्हणून टाकलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. माझ्या तोंडात 'सीफूड बिझनेस'सुद्धा तयार होता.

"माझ्या आईचं," मी म्हणाले. "ती बाजारात बसून मासे विकते."

त्यांनी फोटोखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मग त्यांचं नाव घाला. पूर्ण."

प्रकरण माझ्याकडेच राहिलं. संध्याकाळी घरी मी फोटोखालचे रकाने भरायला बसले. आईचं नाव लिहिलं. पुढचा रकाना संस्थेचा होता.

"संस्था म्हणजे गो काय?" आईने विचारलं.

"तू कुठे काम करतेस ते."

"बाजारात. दुसरा काय?"

मी लिहिलं: मासळी बाजार. खाली गावाचं नाव. आज ते पान उघडलं की आईचं नाव आधी येतं, आणि त्याखाली माझं.