सैल ठेवलेला वेढा

भीमराजच्या स्वरूपाला ती शाळेत जायची तेव्हापासून मी ओळखतो. चिखलीत भीमराजचं मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान. पोरगी दप्तर टाकायची आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायची. एखादा वेढा कमी पडला तर बापालाही तोंडावर सांगायची. आयटीआय झाल्यावर मात्र तांबं सोडून काचेकडे गेली, म्हणजे फायबर केबल जोडायच्या कामाला. चार वर्षं चाकणच्या रस्त्याकडेला छत्रीखाली स्टूल टाकून तिने दुसऱ्याच्या ठेक्यात जोड मारले. मग स्वतःचं काम सुरू केलं आणि पहिला कारखाना मिळाला तो आमचा, तळवड्यातला.

मी कोंडीराम, इथला इलेक्ट्रिशियन. तीस वर्षं झाली. माझी वायरिंग दुसऱ्या कारखान्यातले लोक येऊन बघून जातात, राव. खांबावर ओळंब्यात सरळ, कोपऱ्यात काटकोनात, प्लॅस्टिकचे टाय खेचून घट्ट. लोंबती वायर दिसली की माझं डोकं फिरतं.

आमच्याकडे तयार पार्टचे फोटो काढणारे कॅमेरे आहेत. फोटो ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जातात आणि खराब माल तिथे पकडला जातो. आधी तांब्याची केबल होती. शंभर मीटरच्या पुढे ती मान टाकायची, त्यात वेल्डिंग सुरू झालं की फोटो अर्धेच यायचे. स्वरूपाने फायबर टाकली. आत केसाएवढी काच आणि तिच्यातून जातो तो उजेड. वीज नाहीच, मग वेल्डिंग तिचं काय वाकडं करणार? फोटो पटापट यायला लागले. मालक शार्दूलसाहेब म्हणाले, "तीन महिने नीट चालू दे, दुसरी शेडही तुझीच."

काम करताना ती कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. काच पुसायची, कापायची, मशीनमध्ये जोडायची आणि कापलेला बारीकसा तुकडाही चिकटपट्टीवर घेऊन बाटलीत टाकायची. पण जाताना खांबाजवळ केबलचा मोठा सैल वेढा तसाच सोडून गेली. "काका, हा असाच राहू द्या," म्हणाली. मी मान डोलावली. मनात म्हटलं, लहान आहे, शिकेल हळूहळू.

अडीच महिने झाले. गिऱ्हाईक कंपनीची माणसं दुसऱ्या दिवशी दुपारी शेड बघायला येणार होती. तो वेढा माझ्या डोळ्यांत खुपत होताच. संध्याकाळी काम सुटल्यावर मी केबल खांबाला चिकटवली, कोपऱ्यात काटकोनात दुमडली, उरलेलीची घडी केली आणि टाय आवळले. काय देखणं दिसत होतं सांगू.

सकाळी फोटो बंद.

साहेबांनी मला विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "पोरीचा जोड कच्चा असणार." तसं मला खरंच वाटत होतं. साहेबांनी स्वरूपाला बोलावलं आणि तोंडावर सांगितलं, "जोड तुझा निघाला, तर दुसऱ्या शेडला दुसरा माणूस बघतो."

ती गडबडली नाही. जोडाची पेटी उघडली, तपासली. "जोड चांगला आहे."

"सगळे असंच म्हणतात," साहेब म्हणाले.

"दाखवते ना."

ते फोन घ्यायला ऑफिसात गेले. तिने केबलच्या टोकाला लाल दिव्याचं पेन लावलं आणि केबलवर नजर ठेवून चालत निघाली. मी मागोमाग. माझ्या खांबापाशी ती थांबली. जिथे जिथे मी केबल दुमडली होती, तिथे पिवळ्या वेष्टनातून लाल उजेड बाहेर येत होता.

"काका, इंद्रायणीत चपटा दगड तिरका मारला की टप्पे खात जातो ना? आणि उभा मारला की बुडतो. आत उजेड असाच काचेच्या कडेला तिरका आपटत पुढे जातो. केबल फार दुमडली, की तो तिथे उभा आपटतो आणि बाहेर पडतो." आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने टाय कापले, वेढा पुन्हा सैल केला. लाल उजेड दिसेनासा झाला आणि ऑफिसात फोटो यायला लागले.

साहेब परत आले. "काय होतं?"

"केबल एका जागी दबली होती. काढली."

माझं नाव नाही, काही नाही. भीमराजची पोर, आणि मी तिच्या भाकरीवर उठलो होतो. लाज वाटली मला.

"दबली नव्हती साहेब," मी म्हणालो. "मी दाबली होती. तिने सांगूनसुद्धा. आणि जोड कच्चा म्हणणाराही मीच."

साहेबांनी खांबाजवळचा सैल वेढा नीट बघितला. मग तिला म्हणाले, "दुसरी शेड तुझी. मदतीला माणूस कोण लागेल?"

"काकाच द्या. ओळंबा त्यांच्याइतका कुणाचा नाही. फक्त कोपरे मी सांगेन तसे."

आता दुसऱ्या शेडमध्ये कोपरा आला, की मी डब्यातली भाजीची वाटी पुसून भिंतीला लावतो आणि केबल तिच्या गोल कडेने वळवतो. लोक विचारतात, कोंडीराम, हे कुठं शिकलास? मी सांगतो, स्वरूपाबाईंकडे.