सोळाव्या ढांगेला

टॅड वेलरचा कुठलाही सिनेमा घ्या. उधळलेल्या घोड्यावरून एका बाजूला लोंबकळत जो गोळ्या झाडतो ना, तो टॅड वेलर नव्हे. ती ऑटी क्रूग, नेब्रास्काची अडतीस वर्षांची बाई. टॅडला नुसतं खोगिरावर बसवलं तरी घाम फुटायचा. मग त्याचा शर्ट आणि हॅट चढवून, कॅमेऱ्याकडे पाठ करून ऑटी दौडायची. पोस्टरवर नाव टॅडचं. ज्याला पटत नसेल तो गेला उडत. मी तिथे होतो, मी सांगणारच.

मी व्हर्जिल स्टब्ज. तारा बांधणारा.

सिनेमात घोड्याला गोळी लागते आणि भरधाव असताना तो कोलांटी खातो, ते काम माझं. घोड्याच्या पुढच्या पायांना पट्टे, पट्ट्यांना बारीक पोलादी तार, आणि तारेचं दुसरं टोक मागे जमिनीत पुरलेल्या खुंटाला. तार तीनशे फूट. ती संपली की घोड्याचे पाय पोटाखाली खेचले जायचे. स्वाराला मी आधीच सांगून ठेवायचो, "सोळा ढांगा. सोळावीला अंग सोड." त्यामुळे स्वार तयारीत असायचा. घोड्याला कोण सांगणार? निम्मे उठायचे. उरलेल्यांचे पाय मोडायचे; त्यांना खडकाआड ओढून नेऊन गोळी घालायचे, आणि बीन्स खात बसलेल्या आमच्या लोकांना वाटायचं, गोळीबाराची तालीम चाललीय. मलाही तसंच वाटून घ्यायची सवय लागली होती. आज लाज वाटते, खोटं कशाला बोलू?

एकोणीसशे छत्तीस साली लोन पाइन गावाजवळच्या खडकांत सहा दिवसांत अख्खा सिनेमा उरकायचा होता. दिग्दर्शक होबार्ट रज. चौथ्या दिवशी दुपारी त्याने फर्मान काढलं, "आता नायकाचा घोडा मरतो. व्हर्जिल, तार आण."

नायकाचा घोडा म्हणजे ऑटीची स्वतःची घोडी, जुनिपर. तपकिरी, कपाळावर पांढरा पट्टा.

"तार नाही," ऑटी म्हणाली. "मी लगाम खेचला की ती आडवी पडते. शिकवलंय मी तिला. फक्त वाळू खणून मऊ करा."

"आडवी पडते! झोपायला बोलावलंय का तिला? मला मरण हवंय, बाई. आणि या सीनला फिल्म एकाच शॉटपुरती उरलीय."

"मग तुम्हीच तार बांधून घ्या आणि पळा. मी कॅमेरा धरते."

सगळे फिदीफिदी हसले. रजच्या अंगाचा तिळपापड झाला. "चालती हो! बसमध्ये जाऊन बस!"

रजही काही कच्चा नव्हता. भाड्याच्या घोड्यांत एक म्हातारा तांबडा घोडा होता. त्याला नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर, एकोणीस. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर तांबडा काय नि तपकिरी काय, सगळं करडंच. आचाऱ्याकडचं पीठ कालवून मी त्याच्या कपाळावर पट्टा काढला. झाली जुनिपर तयार! दुसरा स्वारही ठरला.

तेवढ्यात ऑटी बादली घेऊन आली. सरळ एकोणीसपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत त्याचं कपाळ खसाखसा धुऊन काढलं.

"अगं ए, वेड लागलंय का तुला?" रज ओरडला. "व्हर्जिल, पुन्हा रंगव!"

मी रंगवलं. तिने धुतलं. पुन्हा रंगवलं, पुन्हा धुतलं.

"किती वेळा धुशील?"

"तुम्ही रंगवाल तितक्या वेळा. मला कुठे घाई आहे? घाई सूर्याला आहे."

खरंच होतं ते. सूर्य डोंगराकडे सरकत होता. चौथ्यांदा पीठ आणायला गेलो तर आचारी डब्यावर हात ठेवून म्हणाला, "संपलं." डबा अर्धा भरलेला दिसत होता. "दिसतंय मला," मी म्हणालो. "दिसू दे. संपलं म्हणजे संपलं."

"पट्टा गेला खड्ड्यात!" रज किंचाळला. "धुळीत कोणाला दिसतोय! बांध तार!"

मी एकोणीसच्या पायांना पट्टे बांधले. तार हातात घेतली. आता ऑटी मला अडवणार, हातापाया पडणार, असं वाटलं. पण कसलं काय! ती बादली उपडी घालून तिच्यावर बसली.

"व्हर्जिल, स्वाराला ढांगा सांगतोस ना तू? मग आज यालाही सांग. धावणार तर हाच आहे. सांग ना त्याच्या कानात."

लोक हसले. मीही हसलो. म्हटलं, त्यात काय, सांगून टाकू. वाकलो. त्याने कान माझ्याकडे वळवला. नाकावरून पिठाचं पाणी ओघळत होतं आणि तो बिचारा शांतपणे ऐकायला थांबला होता. "सोळा" म्हणायला तोंड उघडलं आणि आजवरचे सगळे घोडे आठवले. रडू आलं, चारचौघांत, चाळिशीच्या बाप्याला.

मी पट्टे सोडले आणि तारेचं भेंडोळं रजच्या पायाशी फेकलं. "ही घ्या तुमची तार. मी बांधणार नाही."

"पुन्हा कुठे काम मिळणार नाही तुला!"

"नको मिळू दे! तुमच्या नानाची टांग!"

दुसऱ्या कुणाला खुंटाचं गणित येत नव्हतं आणि उजेड जेमतेम अर्धा तास उरला होता. रज मटकन खुर्चीत बसला. फावडं घेऊन वाळू मी खणली, माझ्या हाताने. ऑटी जुनिपरला घेऊन सुटली, लगाम खेचला, घोडी धाडकन कोसळली. वा! आणि रज "कट" म्हणायच्या आत ती उठली, धूळ झटकली आणि ऑटीला पाठीवर घेऊन पळत सुटली. मेलेली घोडी! रजने हॅट आपटली. पण फिल्म संपली होती. पडणं कापून घ्यावं तर उठणं लगेच चिकटलेलं; तसंच ठेवावं लागलं.

रजने शब्द पाळला. आम्हा दोघांना पुन्हा बोलावलं नाही. एकोणीसला मी विकत घेऊन घरी आणला.

बिशप गावच्या थिएटरात शनिवारी दुपारी आम्ही तो सिनेमा बघायला गेलो. शेजारी ऑटी. पडद्यावर घोडी सुटली आणि मी सवयीने मोजू लागलो. चौदा, पंधरा. तोंडातून मोठ्याने निघून गेलं, "सोळा." घोडी कोसळली. मी डोळे मिटले.

ऑटीने कोपर मारलं. "थांबलास का? मोज की पुढे."

थिएटरातली सगळी पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडत होती. मी डोळे उघडले. जुनिपर धावत होती.

"सतरा," मी म्हणालो.