चौथ्या खंडातला भाऊ

"मधून तं मधून, वाच वं!" शेजारच्या ताई डोळे मिटून फर्मान सोडायच्या.

पुस्तक म्हणजे राजे, ड्रॅगन आणि लढायांची सात खंडांची कादंबरी. आमच्या विहाराच्या कपाटात तिचा फक्त चौथा खंड होता. ताईंना दिसेनासं झालेलं, म्हणून वाचायचं मी. तेव्हा मी साठीची, म्हणजे अकलेनं कोवळीच. शाळेच्या ग्रंथालयात जन्म गेलेला. आधी पहिला खंड शोधू, असा हट्ट धरून बसले.

"काहून? पावसाळ्यात, वर्षावासाले, विहारात ग्रंथ वाचतात, तवा उशिरा आलेल्या बाईले कोणी हाकलते काय? बाजूची सांगते न मागचं."

बाजूची म्हणजे मी. पण मागचे खंड मी तरी कुठे वाचले होते? दिलं ठोकून. राणीचा धाकटा भाऊ मला उगाच अडचणीचा वाटला, त्याला लढाईत मारून टाकला. तुम्हीही गोष्ट सांगताना असे मुडदे पाडले असतील.

थोडी पानं गेली नि तोच भाऊ घोड्यावर हजर! वेढ्यात अडकलेल्या बहिणीकडे निघालेला.

"मेला होता न वं हा?" ताईंनी एक डोळा उघडला.

"जिवंत निघाला."

त्या पोट धरून हसल्या. मग तेच पान पुन्हा वाचायला लावलं. त्यांचाही एक धाकटा भाऊ होता, कुही गावाला. शेताच्या वाटणीवरून बोलणं तुटलेलं. त्या दिवसापासून ड्रॅगन गेले, लढाया गेल्या. भाऊ पोचतो की नाही, एवढंच ताईंना हवं होतं.

खंड संपला तरी तो वाटेतच. पाचवा खंड मिळेना, आणि ताईंनी अंथरूण धरलेलं.

"पुढचं तू बनव. तुले येते," त्या म्हणाल्या.

"पोचला. राणीनं दार उघडलं."

"येवढ्या लवकर? नदी नाही, जंगल नाही? खोटं बोलाव तं नीट बोलाव वं!"

मग मी त्याला रोज थोडा थोडा चालवला. एकदा धीर करून विचारलं, "ताई, कुहीला फोन लावू?"

"नोको. त्याचं त्याले समजलं पाह्यजे."

पुढे ताईंचं बोलणं आटलं. एका दुपारी पुटपुटल्या, "निघाला असन तो." कोणता, ते मी विचारलं नाही.

कुहीचे भाऊ आले, पण ताई गेल्यावर. दारातच थबकले. "ताई माह्याबद्दल काही म्हणे काय?"

जन्मभर ठोकून देणारी मी. तेव्हा काही बनवावं लागलं नाही.

"निघाला असन तो, म्हणाल्या."

ते तिथेच उंबऱ्यावर बसले. पायांत चपला तशाच.