दुसऱ्या खुर्चीचे पट्टे

मी शाळेत लायब्ररी सांभाळायचे. भुताखेतांची पुस्तकंही मीच मुलांना द्यायचे आणि परत आली की कपाटात लावून ठेवायचे. माझा त्या विषयाशी संबंध इतकाच. गूढ अनुभवांच्या या सदरात आपण कधी लिहू असं वाटलं नव्हतं, आणि आजही मला काही सिद्ध करायचं नाही. झालं ते क्रमाने सांगते.

नव्वदच्या दशकाची अखेर. आम्ही दुबईत अल कुसैसला राहायचो – चौथा मजला, मागे लहानशी गॅलरी. माझा नवरा शरद एका इंटिरियरच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होता. दिवसभर फर्निचर कागदावर काढायचा आणि घरी आला की तेच हाताने करत बसायचा. मुलगी ऋता नववीत. समोरच्या फ्लॅटमध्ये ग्लेन नावाचा कॅनडाचा इंजिनियर होता. तो त्या वर्षी कायमचा मायदेशी निघाला होता.

ग्लेनच्या गावातलं तळं हिवाळ्यात गोठतं. लोक त्या बर्फावर घडीचा तंबू उभारतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि तासन्‌तास बसून राहतात... उलट्या बादलीवर. ग्लेनची पाठ त्यामुळे धरायची. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी तर खुबा दुखतो म्हणून जाणंच सोडलं होतं. हे ऐकून शरद आधी खूप हसला, मग विचारात पडला. शेवटी म्हणाला, "बादलीवर काय बसायचं? मी करून देतो. एक तुला, एक तुझ्या वडिलांना."

बाहेर अंगाची लाही होत होती आणि आमच्या घरात बर्फावरच्या खुर्च्यांची चर्चा! प्लायवूडची घडीची चौकट, वर रुंद विणलेले पट्टे, त्यावर शारजाच्या सोफेवाल्याकडून आणलेला फोम, आणि गारवा वर येऊ नये म्हणून खाली थर्माकोल. पहिली खुर्ची झाली तेव्हा शरदने मासळीबाजारातून गोणपाटात गुंडाळून बर्फाची लादी आणली, ती गॅलरीत ठेवली आणि वर खुर्ची मांडून दहीभाताचं ताट घेऊन बसला. जेवण संपेपर्यंत बुडाला गार लागलं नाही तर खुर्ची पास, ही त्याची परीक्षा. ऋता म्हणाली, "बाबा, यू आर सो एम्बॅरसिंग." पण तीही थोडा वेळ बसून गेली.

खुर्ची पास झाली. दुसरी वडिलांची – जरा उंच, उठताना टेकायला हात असलेली. म्हाताऱ्याच्या गुडघ्याची उंचीसुद्धा शरदने ग्लेनला फोनवर विचारायला लावली होती. तिची नुसती चौकट झाली, आणि एका दुपारी शरद ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसला तो उठलाच नाही. शेवटचा शब्द वगैरे काही नाही.

दिवस कोकणात, त्याच्या गावी केले. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. शेजारच्या वाडीच्या कुंपणाच्या भिंतीवर कावळे रांगेने बसले होते. विलासभावजी, म्हणजे शरदचा धाकटा भाऊ, हात जोडून एकेक सांगू लागले – दादा, ऋताचं शिक्षण बघतो, वहिनीला अंतर देणार नाही, घर विकणार नाही. ऋता माझ्या कानाशी म्हणाली, "आई, त्या एंडच्या क्रोला एक व्हाइट फेदर आहे." होतं खरं, उजव्या पंखात. तो पिंडापर्यंत आला, मान तिरकी करून बघितलं आणि उडून गेला. ऊन चढल्यावर भटजींनी दर्भाचा कावळा केला.

"काहीतरी राहिलंय गो त्याचं," चुलतसासूबाई म्हणाल्या.

माझा विश्वास नव्हता. पण ते वाक्य अंगात काट्यासारखं राहिलं. काय राहिलं? ऋता? मी? आम्ही सगळं तर सांगितलं होतं त्याला...

शाळेतली नोकरी दुबईत असल्यामुळे मी ऋताला घेऊन परतले. ग्लेनचं सामान बांधून होत आलं होतं. तो म्हणाला, एक खुर्ची पुष्कळ झाली, डॅड तसेही जात नाहीत. मी म्हटलं, थांब जरा. का म्हटलं, माहीत नाही. शरदने मोजून घेतलेला तो अनोळखी गुडघा डोळ्यांसमोर आला असावा.

पहिल्यांदा मी पट्टे न ताणताच ठोकले. बसले तर झोळी झाली! सगळे उखडले. मग ऋता पाय रोवून पट्टा ओढून धरायची आणि मी स्टेपल मारायचे. "हार्डर, आई, बाबा असाच ओढायचा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी कितीतरी दिवसांनी हसलो.

त्या शुक्रवारी मी बर्फाची लादी आणवली. भर दुपारी गॅलरीत, शरदसारखीच, दहीभात घेऊन बसले. गार लागलं नाही. शेवटचे चार घास उरले तेव्हा लोणचं आणायला उठले आणि ताट खुर्चीवर ठेवलं. परत आले तर कठड्यावर कावळा.

आमच्या इमारतीवर पारवे असायचे. कावळा मी तिथे कधी पाहिला नव्हता. तो उतरला, आधी खुर्चीच्या हातावर बसला, मग ताटाशी आला आणि भात खाल्ला. सगळा. घाई न करता. उडताना त्याने पंख पसरले.

ऋता माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "आई... सेम वन."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. रडले, पण ते रडणं वेगळं होतं. त्या रात्री, शरद गेल्यापासून पहिल्यांदा, मला सलग झोप लागली.

जहाजांवरून तिकडे कावळे येतात, असं लोक सांगतात. येत असतील. पांढरं पीसही पुष्कळ कावळ्यांना असू शकतं. मी पुस्तकांत खूप शोधलं, पण समाधान होईल असं काही मिळालं नाही. आता शोधतही नाही.

जानेवारीत ग्लेनचा फोन आला. वडील तळ्यावर आले होते. मासा एकही लागला नाही म्हणे, पण डबा संपेपर्यंत म्हातारा खुर्चीतून हलला नाही.