ताईंचं निर्णायक मत

सभागृहात गोंधळ वाढला की उपाध्यक्ष ताईंचा आवाज खाली येई. दोन्ही बाजूंचे आमदार उभे राहून ओरडत असताना त्या इतक्या हळू बोलत, की ऐकण्यासाठी लोकांना गप्प बसावं लागे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मी प्रतिवेदक होते. त्यांच्या आसनासमोर बसून सभागृहातला शब्दन् शब्द टिपून घेणं हे माझं काम. असा दरारा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

अध्यक्ष नसले की ताई आसनावर बसत. नंदनवनात त्या आमच्या शेजारच्याच गल्लीत राहायच्या. एकदा एक म्हातारे शेजारी तक्रार घेऊन आले, “ताई, तुमी एवढ्या वर बसता, मंग आमच्या नालीचं काम काहून नाही होत?”

“त्या खुर्चीत बसली का मी कोनाचीच नाही, भाऊ,” ताई म्हणाल्या. “नालीसाठी चला, येते मी तुमच्यासंगं.” आणि चप्पल घालून खरंच महापालिकेत गेल्या.

पद मिळाल्यापासून त्यांनी पक्षाच्या बैठकांना जाणं सोडलं होतं. सदस्य म्हणून खाली बसून बोलण्याची मुभा होती, तीही वापरत नसत. “आज खाली भांडली, तर उद्या वरून दिलेल्या निर्णयावर कोन भरवसा ठेवीन?” असं म्हणत.

त्यांची धाकटी बहीण शीला बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला होती. शीला कामावर असताना तिची चिमुकली खोलीत एकटीच राही. एके दिवशी स्टोव्हशी खेळताना पोरीचा हात भाजला. त्यानंतर एका आमदाराने ठराव आणला: औद्योगिक वसाहतींत सरकारने पाळणाघरं काढावीत.

शुक्रवारची दुपार होती, बाकं निम्मी रिकामी. आसनावर ताई होत्या. मतदान झालं आणि मतं समसमान पडली. अशा वेळी निर्णायक मत आसनावरच्या व्यक्तीचं. शीला कारखान्यातल्या बायकांसोबत वरच्या प्रेक्षक गॅलरीत बसली होती. ताईंनी वर पाहिलं नाही. “ठरावाला बहुमत मिळालेलं नाही. प्रथेप्रमाणे आहे ती स्थिती राहावी म्हणून माझं मत ठरावाच्या विरोधात,” त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या.

बाहेर शीलाने त्यांना गाठलं. “ताई, तुह्याच हातानं गेलं न वं?”

“हो. माह्याच हातानं.”

“पोरीचा हात पाहिला होता तू. मंग काहून?”

“बहुमत लोकायनं द्यावं लागते, शीला. खुर्चीनं नाही.” शीला बायकांसोबत निघून गेली. दोघींचं बोलणं वर्षभर बंद होतं.

त्या वर्षात ताईंनी उपाध्यक्षपदाचा राजीनामा दिला. आमदार म्हणून दोन्ही पक्षांच्या लोकांना भेटत राहिल्या, काहींना तर बुटीबोरीतल्या कामगारांच्या खोल्यांपर्यंत घेऊन गेल्या. पुढच्या हिवाळ्यात तोच ठराव त्यांनी स्वतः मांडला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचा चढलेला आवाज ऐकला. बोलणं ऐन रंगात असताना वेळ संपल्याची घंटा झाली. नव्या उपाध्यक्षांकडे त्या आणखी दोन मिनिटं सहज मागू शकल्या असत्या. पण वाक्य अर्धंच टाकून त्या खाली बसल्या.

मग मतमोजणीसाठी ठरावाच्या बाजूच्या सदस्यांना उभं राहायला सांगितलं. बाकांमागून बाकं उठत गेली. त्या गर्दीत, मागच्या रांगेत, आपलं एक मत मोजलं जाण्याची वाट पाहत ताई उभ्या होत्या. वर प्रेक्षक गॅलरीत शीला पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली होती. तिथं उभं राहायला मनाई असते, पण तिला कुणी बस म्हटलं नाही.